‘इन-हाऊस’ पॅकेज विकणारी सिक्युरिटी एजन्सी: गार्ड चांगले, कागद जपून

घाईत असलेल्यांसाठी आधी निकाल सांगते. गार्डना पाचपैकी चार. रात्रीच्या सुपरवायझरला साडेचार. एजन्सीने आणलेल्या करारनाम्याला दीड, त्यातला अर्धा सुबक टायपिंगसाठी. एजन्सीचं नाव लिहीत नाही. थोड्याफार फरकाने हाच मसुदा मला आणखी एजन्सींकडेही दिसला आहे, एकट्यावर खापर फोडण्यात अर्थ नाही.

ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये आमचं प्रेसशॉप आहे. स्विचगियरला (वीज चालू-बंद करणाऱ्या उपकरणांना) लागणारे पितळी आणि तांब्याचे पार्ट आम्ही काढतो. म्हणजे भंगारसुद्धा किलोवर विकलं जाणारं, आणि गेटमधून जाणारी प्रत्येक गोणी काट्यावर चढवायची. मी अकाउंट्स आणि पगारपत्रक बघते. शेठना सही करायला आवडतं, वाचायला आवडत नाही, त्यामुळे करारही माझ्याच टेबलावर येतात.

सर्व्हिसबद्दल फार तक्रार नाही. दिवसपाळीचे मामा रिटर्नेबल आणि नॉन-रिटर्नेबल गेटपासमधला फरक जाणतात. हे ऐकायला साधं वाटेल, पण ज्यांचा जॉबवर्कचा माल बाहेर जातो त्यांना विचारा. परत यायचा माल वेगळ्या रजिस्टरला, तारीख उलटली की मामा स्वतः येऊन सांगतात, “मॅडम, प्लेटिंगवाल्याकडचे दोन क्रेट अजून आले नाहीत.” भंगाराचा टेम्पो आला की रिकाम्या गाडीचं वजन ते स्वतः काट्यावर उभं राहून लिहून घेतात, ड्रायव्हर खाली उतरलाय ना हे बघून. पूर्वी ड्रायव्हर आत बसून वजन द्यायचा आणि भरल्यावर बाहेर उभा राहायचा. म्हणजे एका माणसाच्या वजनाइतकं पितळ दरवेळी फुकट. शेठना हे सांगितल्यावर त्यांनी पहिल्यांदाच सिक्युरिटीचं बिल न कुरकुरता पास केलं.

रात्रीचा राउंड मोबाईलवर कोड स्कॅन करून होतो. ट्रान्सफॉर्मरजवळ, मागच्या कंपाउंडला, टूलरूमच्या दाराशी असे पॉइंट आहेत. सुपरवायझर रात्री दोन-अडीचला अचानक येतो आणि रजिस्टरला लाल शाईने सही करून जातो. रविवारचा रिलीव्हर, म्हणजे सुट्टीवरच्या गार्डच्या बदली येणारा, तेवढा उशिरा येतो. एक तारा त्यानेच खाल्ला.

आता कागदाकडे. नूतनीकरणाच्या वेळी एजन्सीचा मार्केटिंगवाला एक नवीन योजना घेऊन आला. तिचं नाव ‘इन-हाऊस मॉडेल’. हेच गार्ड आमच्या मस्टरवर (हजेरीपटावर) घ्यायचे, पगार आमच्या खात्यातून द्यायचा आणि एजन्सीला फक्त मॅनेजमेंट फी द्यायची. फायदे त्याने बोटांवर मोजून दाखवले. जीएसटी फक्त फीवर लागणार, सुरक्षा रक्षक मंडळाची (गार्डची नोंदणी करणाऱ्या सरकारी मंडळाची) कटकट नाही, लायसन्सचा प्रश्न नाही. “मॅडम, आता सगळे असंच करतात.” हे वाक्य ऐकलं की मी मसुदा घरी नेते.

मसुद्यात मात्र गार्ड निवडणार एजन्सी, बदली करणार एजन्सी, काढणार एजन्सी. गणवेश आणि ओळखपत्र एजन्सीचं. रजा सुपरवायझर मंजूर करणार. करार संपला की एजन्सी ‘आपलं मनुष्यबळ’ घेऊन जाणार. आणि नवव्या कलमात एका ओळीत: गार्ड हे सर्व कायद्यांच्या दृष्टीने कारखान्याचे कर्मचारी समजले जातील. आवळा देऊन कोहळा काढणं म्हणतात ते हेच.

महाराष्ट्रात, त्यातून मुंबई-ठाण्यात, कारखान्याच्या गेटवर माणूस ठेवायचे सरळ मार्ग तीनच आहेत. एक, सुरक्षा रक्षक मंडळाकडून नोंदीत गार्ड घ्यायचे. १९८१ चा महाराष्ट्र खाजगी सुरक्षा रक्षक कायदा त्यासाठीच आला. पगार आणि वरची लेव्ही (मंडळाचा ठरलेला आकार) मंडळाकडे भरायची, गार्डला पगार मंडळ देतं. दोन, शासनाने त्याच कायद्याच्या कलम २३ खाली सूट दिलेल्या एजन्सीकडून घ्यायचे. या एजन्सीकडे केंद्राच्या २००५ च्या कायद्याखालचं लायसन्सही लागतं, ज्याला सगळे ‘पसारा’ म्हणतात. तीन, स्वतःचा माणूस स्वतः नेमायचा. १९८१ च्या कायद्यातल्या ‘सुरक्षा रक्षक’ या व्याख्येतून मालकाच्या घरचा माणूस आणि मुख्य मालकाचा (म्हणजे ज्याच्या जागेवर गार्ड बसतो त्याचा) थेट, नियमित कर्मचारी स्पष्टपणे वगळलेला आहे. पसारा कायदा तर सुरक्षा पुरवण्याचा धंदा करणाऱ्याला लायसन्स घ्यायला लावतो. स्वतःच्या गेटवर स्वतःचा नोकर बसवणारा हा धंदा करत नाही. इन-हाऊस सुरक्षा म्हणतात ती ही तिसरी वाट. ‘थेट’ आणि ‘नियमित’ या दोन शब्दांवर सगळं उभं आहे.

मार्केटिंगवाला विकत होता ती वाट दुसरी, पाटी तिसरीची.

पाटीने भागत नाही, कारण कोणी वाद उकरला तर कोर्ट करारातल्या एका ओळीपाशी थांबत नाही. एअर इंडियाच्या कँटीन कामगारांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये मालक-नोकर नातं ओळखायच्या कसोट्या एकत्र मांडल्या: नेमणूक कोण करतं, पगार कोण देतं, काढण्याचा अधिकार कोणाकडे, शिस्तभंगाची कारवाई कोण करतं, नोकरीत सातत्य आहे का, आणि कामावर ताबा आणि देखरेख किती. मी मसुद्याच्या समासात हे सहाही प्रश्न पेन्सिलने लिहिले आणि उत्तरं भरली. पगार: आम्ही. बाकी जवळजवळ सगळं: एजन्सी.

म्हणजे काय होणार? मंडळाचा निरीक्षक आला तर तो म्हणणार, हे एजन्सीमार्फत आलेले गार्ड आहेत, नोंदणी कुठे आहे? पीएफवाला आला तर तो म्हणणार, तुमच्या मस्टरवर आहेत, पगार तुम्ही देता, भरणा तुमचा. दोघांनाही आमच्याच कागदातून पुरावा सापडणार. एजन्सी मात्र नववं कलम दाखवून हात वर करणार. उद्या गार्डला काढलं, तर तो कामगार न्यायालयात आमच्या विरुद्ध जाणार, काढलेलं असणार सुपरवायझरने.

जीएसटीच्या बचतीचा हिशोब तर गंमतशीर होता. तीन पाळ्यांचे गार्ड आणि रिलीव्हर मिळून मूळ खर्च ९०,००० रुपये धरा, सर्व्हिस चार्ज ८ टक्के म्हणजे ७,२००. एकूण ९७,२०० वर १८ टक्के जीएसटी १७,४९६ होतो. ‘इन-हाऊस’ केलं तर फक्त ७,२०० वर, म्हणजे १,२९६. महिन्याला १६,२०० वाचले म्हणून मार्केटिंगवाल्याने आकड्याभोवती गोल काढला. मी विचारलं, आम्ही करपात्र माल विकतो, हा जीएसटी आम्हाला क्रेडिटमध्ये, म्हणजे विक्रीवर भरायच्या जीएसटीतून वजा होऊन, मिळतोच ना? त्याने गोलाभोवती आणखी एक गोल काढला. हा मुद्दा हाउसिंग सोसायट्यांना जास्त भुलवतो. ज्या सोसायटीला क्रेडिट घेता येत नाही तिच्या खिशातून हे १८ टक्के खरंच जातात. पण एजन्सी प्रत्यक्षात माणसंच पुरवत असेल, तर नुसती ‘फी’ म्हटल्याने कर टळेल या भरवशावर सोसायटीच्या खजिनदाराने सही करू नये.

जीएसटीबाबत खरा बघायचा मुद्दा वेगळा आहे आणि तो करारनाम्याच्या पहिल्याच ओळीत असतो: समोरचा पक्ष प्रायव्हेट लिमिटेड आहे की प्रोप्रायटर की भागीदारी? १ जानेवारी २०१९ पासून कंपनी नसलेल्या एजन्सीने जीएसटी-नोंदीत ग्राहकाला गार्ड पुरवले तर कर ग्राहकानेच थेट सरकारला भरायचा, रिव्हर्स चार्जने. बिलात एजन्सीने जीएसटी लावला आणि तुम्ही दिलात, तरी तुमची जबाबदारी सुटत नाही. आमची एजन्सी आधी प्रोप्रायटरशिप होती आणि मधेच कंपनी झाली. लेटरहेड बदललं, कराराचा पक्ष बदलला नव्हता. लायसन्सही जुन्याच नावावर. मी म्हटलं, नवीन नावाचं लायसन्स आणा, मग बोलू. आणलं. पाच वर्षांची मुदत असते, तारीख बघून घ्या.

आता जी कलमं मी बदलून घेतली त्याबद्दल. सगळ्यांवर सारखं लिहिण्यात अर्थ नाही, काही नुसती पोकळ असतात.

चोरीच्या भरपाईचं कलम सगळ्यात आधी वाचा. आमच्या मसुद्यात एजन्सी नुकसान भरून देईल असं ऐटीत लिहिलं होतं, आणि दोन पानांनंतर मर्यादा: एका महिन्याच्या सर्व्हिस चार्जपुरती. म्हणजे ७,२०० रुपये. आमच्या एका प्रोग्रेसिव्ह डायची (प्रेसवर पार्ट काढायच्या साच्याची) किंमत ऐकली तर एजन्सीचा डायरेक्टर पाणी मागेल. शिवाय अटी: एफआयआर झाला पाहिजे, गार्डचा घोर निष्काळजीपणा सिद्ध झाला पाहिजे, कुलूप फोडल्याची खूण पाहिजे, माल गेट रजिस्टरला नोंदलेला पाहिजे. टूलरूममधली डाय गेट रजिस्टरला कशी असणार? ती बाहेर गेलेलीच नसते! अमर्याद जबाबदारी कुठलीच एजन्सी घेणार नाही, तशी अपेक्षाही नाही. आम्ही ठरवलं ते असं: मर्यादा सहा महिन्यांच्या पूर्ण बिलाइतकी, सर्व्हिस चार्जइतकी नव्हे. ‘सिद्ध झाला’ याऐवजी संयुक्त चौकशी पंधरा दिवसांत. आणि गार्ड स्वतः सामील असेल तर मर्यादा लागू नाही. त्यासाठी एजन्सीने फिडेलिटी विमा (आपल्याच माणसाच्या अप्रामाणिकपणाने झालेल्या नुकसानीचा) घ्यायचा आणि पॉलिसीची प्रत द्यायची. विम्यावर बरीच घासाघीस झाली.

मग दर. “दोन वर्षं फिक्स रेट, सगळं धरून” हे वाक्य शेठना फार आवडलं होतं. मला नाही. महाराष्ट्रात किमान वेतनातला विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी, जानेवारीत आणि जुलैत, बदलतो. भत्ता वाढला आणि आमचा दर तोच राहिला तर फरक कोणाच्या खिशातून जाणार? एजन्सीच्या तर नक्कीच नाही. तो मामांच्या पाकिटातून जातो, आणि किमान वेतन कमी पडलं की कायद्याने आमच्या दारात येतो. कंत्राटदाराने पगार थकवला तर मुख्य मालकाने द्यायचा, हे १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात होतं आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या लेबर कोडमध्येही आहे. म्हणून मी दराची फोड मागते: बेसिक, विशेष भत्ता, घरभाडे, पीएफ १३ टक्के, ईएसआय (कामगार विमा) ३.२५ टक्के, बोनस ८.३३ टक्के, रजेचा पगार, गणवेश, रिलीव्हर एक षष्ठांश, आणि शेवटी सर्व्हिस चार्ज. भत्ता वाढला की तेवढाच आणि त्यावरचा वैधानिक भार वाढणार, सर्व्हिस चार्जची रक्कम तीच राहणार. यावर मार्केटिंगवाला पहिल्यांदा गप्प झाला.

फोड मागितली की आणखी एक गोष्ट उघडी पडते. ज्या एजन्सीचा दर बाकीच्यांपेक्षा फारच कमी असतो, तिच्या फोडीत बहुतेक वेळा बारा तासांची ड्युटी आठ तासांच्या पगारात बसवलेली असते. वरच्या चार तासांना दुप्पट दर लागतो. दोन गार्डमध्ये चोवीस तास काढणं स्वस्त दिसतं ते ओव्हरटाइम बुडवल्यामुळे. आम्ही तीन पाळ्याच ठेवल्या. पहाटे चारला जागा असलेला माणूस मला हवा आहे.

पीएफ-ईएसआयबद्दल मी एवढी हट्टी का, तर आधीच्या एजन्सीच्या वेळचा अनुभव. मामांचा हात शटरमध्ये सापडला. पगाराच्या चिठ्ठीवर ईएसआयचा इन्शुरन्स नंबर छापलेला होता, कपातही दर महिन्याला. दवाखान्यात नंबर टाकला तर दुसऱ्याच कोणाचं नाव आलं. मामांची नोंदणीच केलेली नव्हती. बोटांना टाके पडले ते खाजगी हॉस्पिटलमध्ये, बिल आम्ही भरलं, आणि वर थकीत वर्गणीचं पत्रही आम्हालाच आलं. तेव्हा एजन्सीशी बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. आता करारात अट आहे: बिलाबरोबर मागच्या महिन्याचं चलन (पीएफ-ईएसआय भरल्याची पावती), आणि चलनाच्या यादीत आमच्या गेटवरच्या प्रत्येकाचं नाव. यादी नसेल तर बिल थांबेल आणि थांबलेल्या बिलावर व्याज नाही. नुसतं चलन दाखवलं तर घेऊ नका, ते अख्ख्या एजन्सीचं एकत्र असतं, त्यात तुमचा माणूस आहे की नाही कळत नाही. मामांना मी मोबाईलवर पीएफचं पासबुक बघायला शिकवलं आहे. आता माझ्याआधी तेच सांगतात.

एक कलम लोक वाचतच नाहीत: करार चालू असताना आणि संपल्यावर एक वर्ष एजन्सीच्या कुठल्याही गार्डला कामावर घ्यायचं नाही, घेतलं तर माणशी तीन महिन्यांचं बिल दंड. म्हणजे खरंखुरं इन-हाऊस करायचं ठरवलं, मामांना आपल्या कारखान्यात रीतसर नेमणूकपत्र द्यायचं ठरवलं, तर दार आधीच बंद. १८७२ च्या करार कायद्याचं कलम २७ धंद्याला अटकाव करणारे करार रद्दबातल ठरवतं, आणि कलम ७४ प्रमाणे ठरवलेला दंडही वाजवी भरपाईपेक्षा जास्त वसूल करता येत नाही. पण आमच्यासारखं प्रेसशॉप हे सिद्ध करायला कोर्टात कशाला जाईल? आम्ही वाक्य बदललं: गार्डने एजन्सीत वर्षभर काम केलं असेल आणि स्वतः राजीनामा दिला असेल तर एक महिन्याचा सर्व्हिस चार्ज देऊन घेता येईल. एजन्सीने यावर फारशी खळखळ केली नाही. त्यांनाही माहीत असावं.

लवादाचं कलम: लवाद, म्हणजे वाद कोर्टाबाहेर मिटवणारा पंच, एजन्सीचा डायरेक्टर एकटा नेमणार. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या पर्किन्स ईस्टमन निकालात असा एकतर्फी अधिकार मोडीत काढला आहे. तरी जुनी टेम्पलेट फिरत राहतात. दोघांच्या संमतीने, जागा ठाणे, असं करून घेतलं, पाच मिनिटांचं काम. स्टॅम्प पेपर १०० रुपयांचा आणला होता. ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात अशा कामाला ५०० चा लागतो. जी एजन्सी स्टॅम्पचा दर तपासत नाही तिने बाकीचं काय तपासलं असेल, असा विचार मनात आला. पण बिचाऱ्या ऑफिसबॉयची धावपळ झाली, एवढंच.

गणवेशावरही नजर टाका. पोलीस किंवा लष्कराच्या गणवेशासारखा दिसणारा पोशाख घातला तर पसारा कायद्यात शिक्षा आहे. आणि प्रत्येक गार्डकडे एजन्सीने दिलेलं फोटो ओळखपत्र पाहिजे. प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र मागितलं तर अर्ध्या एजन्सी इकडेतिकडे बघतात. केंद्राच्या नमुना नियमांप्रमाणे शंभर तास वर्गात आणि साठ तास मैदानात एवढं प्रशिक्षण धरलेलं आहे, माजी सैनिक आणि पोलिसांना कमी. आमच्या रात्रीच्या गार्डचं प्रमाणपत्र निघालं, अग्निशामक सिलिंडरची पिन त्याला खरंच काढता येते हे आवारात करून बघितलं. दिवसपाळीच्या मामांचं प्रमाणपत्र एजन्सीला सापडत नव्हतं, ते मामांच्या ट्रंकेत लॅमिनेट करून ठेवलेलं होतं.

शेवटी आम्ही काय केलं? ‘इन-हाऊस मॉडेल’ नाकारलं आणि त्याच एजन्सीशी साधा सरळ सेवा करार केला: गार्ड एजन्सीचे कर्मचारी, कलम २३ च्या सूट अधिसूचनेची प्रत फाईलला, वरच्या सगळ्या दुरुस्त्यांसह. खरं इन-हाऊसही आम्ही विचारात घेतलं होतं. मामांपुरतं ते पुढेमागे करूही. पण रिलीव्हर कुठून आणायचा, रात्री अडीचला तपासायला कोण येणार, सुट्ट्या आणि ग्रॅच्युइटीचा हिशोब कोण ठेवणार? हे सगळं झेपणार असेल, नेमणूकपत्र तुमच्या लेटरहेडवर असेल आणि माणसाला काढायचा किंवा ठेवायचा निर्णय तुमचा असेल, तर जरूर स्वतःचा माणूस ठेवा. मधलं काही विकायला आलं तर चहा पाजून परत पाठवा.

सोसायट्यांनी या एजन्सीचे गार्ड घ्यायला हरकत नाही. दरात घासाघीस करण्यापेक्षा भरपाईची मर्यादा आणि चलनाची यादी या दोन गोष्टींवर अडून बसा, ते ऐकतात. ‘इन-हाऊस’ची फाईल बॅगेतच ठेवायला सांगा.

रविवारच्या रिलीव्हरसाठी उशिराचा दंड टाकायचा राहिला, कारण सुपरवायझरने शब्द दिला आहे की माणूस बदलतो. नाही बदलला तर पुढच्या बिलातून अर्ध्या दिवसाची कपात लावणार आहे.